दोन टाक्या, एक चूल

घर बदलणाऱ्या माणसाला लोक रंग कोणता दिला ते विचारतात, वास्तुशांत कधी ते विचारतात. विजेचे आणि गॅसचे काय केलेत, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक सारे बिऱ्हाड या दोन गोष्टींवर उभे असते. मुद्रांक लागले, सह्या झाल्या, घर कायद्याने आपले झाले, तरी शेगडी पेटेपर्यंत आपण तिथे पाहुणेच!

वीज आमच्यावर फारशी रुसली नाही. एकच भीती होती, ती जुन्या मालकाच्या थकबाकीची. घराबरोबर भिंती येतात तशी थकबाकीही येऊ शकते. नियमांत तरतूद असेल तर ती नव्या मालकाकडून वसूल करता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलेला आहे. म्हणून मी आधी शेवटचे बिल भरल्याची पावती मागून घेतली, ताबा मिळाला त्या सकाळी मीटरच्या आकड्यांचे छायाचित्र काढले, आणि इंडेक्स टूची प्रत जोडून नाव बदलण्याचा अर्ज दिला. यथावकाश बारा आकडी ग्राहक क्रमांकाशेजारी माझे नाव छापून आले. पहिला लेख छापून आला होता तेव्हाच्या खालोखाल मला आनंद झाला. फरक एवढाच, की लेखाचे मानधन मिळाले होते.

खरा पेच पडला तो गॅसचा, कारण त्यात आई होती.

पुण्यात आमच्या भाड्याच्या जागेत गॅस हिच्या नावावर होता. साताऱ्याचे घर विकून आई आता आमच्याकडे कायमची यायची होती, आणि तिचा गॅस तिच्या नावावर होता. वडील नोकरदार, घर, वीज, पाणीपट्टी सगळे त्यांच्या नावे. गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे त्या काळात त्यांनी हौसेने तिच्या नावाने नंबर लावला. तेव्हापासून ते गॅसचे पुस्तक हा तिच्या मालकीचा एकुलता एक दस्तऐवज. ती ते देवघराच्या खणात ठेवी.

नियम असा, की एका कुटुंबाला घरगुती गॅसची एकच जोडणी. कुटुंब म्हणजे कोण, तर नवरा-बायको, अविवाहित मुले आणि अवलंबून असलेले आईवडील, ज्यांचे स्वयंपाकघर एक आहे ते सारे. नियम दिल्लीचा खरा, पण वाटते एखाद्या मराठी आजीनेच सांगितला असावा. भाऊभाऊ वेगळे झाले की आपणही चुली वेगळ्या झाल्या असेच म्हणतो. भाषेच्या मास्तराला ही मौज वाटणारच, आणि मी ती मोठ्याने वाचून दाखवली.

आईने सगळे ऐकून घेतले आणि एकच शब्द उचलला.

"अवलंबून म्हणजे मी का रे?"

मी काहीतरी व्याकरणातले बोलू लागलो. हिने मला थांबवले. "आई, तुमचा गॅस इकडे आणू. माझा मी परत करते. माझे नाव दर महिन्याला पगारपत्रकावर असते, तेवढे पुरे."

मग साताऱ्यास जाऊन आईने स्वतः टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीत परत केले आणि बदलीचा कागद घेतला. अनामत मिळाली ती जुन्या, जेमतेम दराने. पुण्यात भरावी लागली ती जून २०२२ मध्ये ठरलेल्या दराने, टाकीचे २,२०० आणि रेग्युलेटरचे २५० रुपये. "मग तीच टाकी बरोबर का देत नाहीत?" हा तिचा प्रश्न मला अजूनही तर्कशुद्ध वाटतो.

एका छताखाली दोन जोडण्या नकोत म्हणून हिने आपली आधीच परत केली होती. त्यामुळे मधले चार दिवस विजेच्या शेगडीवर काढले. आईला ती मुळीच मानवली नाही. ज्योत दिसत नाही तो कसला विस्तव, म्हणून नव्या घरात दूध उतू घालवण्याचा विधी तिने सरळ पुढे ढकलला. जोडणी झाल्यावर मात्र दूध असे उतू घातले, की नवी कोरी शेगडी पुसायला हिला अर्धा तास लागला.

पुढच्या टाकीचा नंबर आईने आपल्या मोबाईलवरून लावला. टाकी आली तेव्हा दार मी उघडले.

"सर, मोबाईलवर आकडा आला असेल, तो सांगा."

माझ्या मोबाईलवर काहीच नव्हते.

"तुझ्याकडे कसा येईल?" आई आतून म्हणाली, आणि चष्मा शोधायला गेली. तो सापडेपर्यंत तो मुलगा आणि मी, दोघेही टाकीशेजारी दारातच उभे होतो.