भंगाराच्या गावात

‘जालना, सोन्याचा पालना’ असे जुने लोक म्हणत. माझ्या पाहण्यात मात्र तो लोखंडाचा. भंगार येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन जाते. वडिलांची मॉरिस मायनर मीच एकदा वजनावर विकली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आता चिरंजीव विलायतेहून तशीच एक, अर्धवट दुरुस्त केलेली, आणायची म्हणतात! बोटीचे भाडे, जकात, शिवाय २०२१ च्या नियमाने पन्नाशी उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे २०,००० रुपये. आणि एवढे करून रोज फिरवायची नाहीच.

“मग उपयोग काय रे?”

“आजोबांना एकदा बसवायचंय, बाबा.”

वडील नव्वदीचे. मी निमूटपणे पासबुक काढले.