मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचे बाळापूर जुन्या वस्तूंना सरावलेले गाव आहे. एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केलेला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री यांची निगा हा सार्वजनिक जबाबदारीचा भाग समजला जातो. पण एखाद्या वाड्याच्या माळ्यावर, धान्याच्या रिकाम्या कणग्यांआड पडून राहिलेल्या चावीच्या ग्रामोफोनची निगा कोणत्याच खात्याकडे नसते, ती हौशी माणसाच्याच वाट्याला येते. चावीचा ग्रामोफोन म्हणजे हाताने गुंडाळलेल्या पोलादी कमानीच्या बळावर तबकडी फिरवणारे आणि खाचेतून धावणाऱ्या पिनेचा सूक्ष्म थरकाप विजेच्या मदतीविना, केवळ पडदा आणि कर्णा यांच्या साहाय्याने कानाला ऐकू येईल इतका मोठा करणारे यंत्र. ज्या काळी वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत कंदील होते, त्या काळी ते तिथे चालू शकले याचे कारण हेच.

या यंत्राला विलायती म्हणण्याची रीत असली तरी त्याचे साहित्य तपासले तर ती अर्धीच खरी ठरते. तबकडीचे घटक एकत्र धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, तो खरवडून, वितळवून आणि गाळून त्याचे पातळ पापुद्रे केले की त्यांना चपडा म्हणतात, आणि या चपड्यात दगडाची बारीक पूड व काजळी मिसळून तबकडी दाबली जाई. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात हिंदुस्थानातील पहिली मोठी मुद्रणे केली तेव्हा त्यांच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या गेल्या. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघेपर्यंत हिंदुस्थानची लाख बोटीने बाहेर जाई आणि गाणे होऊन परत येई. पिनेचा थरकाप झेलणारा साउंडबॉक्समधला गोल पडदाही जुन्या यंत्रांत अभ्रकाचा असे, आणि अभ्रकाचे उत्तम पत्रे पुरवण्यात कोडरमा-गिरिडीहच्या खाणी जगात अग्रेसर होत्या.

लाखेची ही ओळख दुरुस्तीत पदोपदी कामी येते. यंत्राच्या सागवानी पेटीला मूळची झळाळी आणायची तर सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात मारतात. तेच स्पिरिट तबकडी पुसायला वापरले तर खाचेतला आवाज कायमचा धुऊन निघतो, म्हणून तबकडीला सौम्य साबणाचे कोमट पाणी, मऊ कुंचला आणि ताबडतोब कोरडे फडके एवढेच चालते, आणि मधल्या कागदाला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नसतो. लाखेचा दुसरा वैरी म्हणजे वऱ्हाडचा उन्हाळा. अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली तिरक्या रचून ठेवलेल्या तबकड्या पापडासारख्या वाकतात. त्या सपाट करण्याचा उपायही उन्हातच सापडतो, कारण दोन जाड काचांमध्ये धरून सकाळच्या उन्हात ठेवलेली तबकडी हळूहळू मऊ होऊन जाग्यावर बसते, मात्र तिच्याजवळून उठून जाण्याची सोय नसते. पिनेच्या बाबतीत काटकसर करणे तर अक्षम्य आहे. लाखेतली दगडाची पूड पोलादी पिनेचे टोक पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या मापाचे करते आणि बाजू संपेपर्यंत त्याला धारदार कडा येतात, त्यामुळे दर बाजूला नवी पिन लावावी लागते. दोनशे पिनांच्या पत्र्याच्या डब्या घरोघर दिसत त्या यामुळेच.

खरे काम कमानीपासून सुरू होते. कमान म्हणजे तीन-चार मीटर लांबीची पोलादी पट्टी, जी गोल डब्यात गुंडाळलेली असते, चावी दिली की आवळते आणि सुटताना दातेरी चाकांची माळ फिरवते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या डब्यातले ग्रीस वाळून डांबरासारखे होते, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि मग गाणे चालू असताना ती एकाएकी सुटून यंत्राच्या पोटातून धप्प असा आवाज येतो, ज्यासरशी सूरही हेलकावतो. अशी कमान बाहेर काढताना ती हातातून निसटली तर बोटे कापली जातात. म्हणून आधी तिचा ताण पूर्ण उतरवायचा, जाड हातमोजे घालायचे आणि एकेक वेटोळे अंगठ्याने दाबून बाहेर येऊ द्यायचे. नंतर रॉकेलमध्ये बुडवून ती पुसली की काळ्या थराखालून निळसर पोलाद दिसू लागते, आणि ग्रॅफाइट मिसळलेले ग्रीस बेताने लावून ती पुन्हा डब्यात भरली की यंत्राला बळ मिळते. साउंडबॉक्समधल्या रबराच्या कड्याही एव्हाना दगड झालेल्या असतात. त्या बदलून मऊ नळीच्या बसवल्या आणि अभ्रकाच्या मध्यावरचा सांधा मेणाने बंद केला की कर्कश खरखर जाऊन शब्द उलगडतात.

 

तरीही बळ आणि आवाज यांपेक्षा गती हीच या सगळ्या खटाटोपाची कसोटी आहे. कमान पूर्ण भरलेली असताना तिचा जोर जास्त आणि उतरत आल्यावर कमी असतो; तो सारखा राखण्याचे काम गव्हर्नर करतो. त्याच्या आसावर तीन पातळ पट्ट्या आणि त्यांच्या मध्यावर तीन वजने असतात. आस जोरात फिरू लागला की वजने बाहेर फेकली जातात, पट्ट्या वाकतात, टोकाची चकती सरकते आणि तेलात भिजलेल्या नमद्याच्या तुकड्याला घासून वेग आवरते. तिन्हींपैकी एक पट्टी जरी जाडीने वेगळी असली तरी आस थरथरतो, म्हणून एक तुटली तर तिन्ही बदलाव्यात. वेग तपासायला काठावर ७७ काळ्या रेघा आखलेली कागदी चकती पुरते: आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा उणा-अधिक होतो, आणि त्या उजेडात मिनिटाला ७७.९२ फेरे झाले की धावत्या रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. ज्या यंत्राला विजेचा स्पर्श नाही त्याच्या चालीचा निवाडा बाळापूर तालुक्यातल्याच पारससारख्या वीजकेंद्रांच्या स्पंदनावर व्हावा, ही मोठी सुंदर गोष्ट आहे.

गतीचा एवढा आग्रह का, हे गाण्याच्या हिशोबाने पाहिले की कळते. ७८ ऐवजी साडेत्र्याहत्तर फेरे झाले तर सूर जवळजवळ एका पट्टीने खाली येतो, म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी लागते, आवाज जड होतो, ताना सुस्तावतात आणि गायकाचे वय वाढल्यासारखे वाटते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी स्वतः चाल लावून १९३० नंतरच्या लगतच्या वर्षांत तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताच्या आरंभीच्या खुणांत ती गणली गेली. वऱ्हाडातल्या कवीची ती तरुण हाक ढिल्या कमानीवर वाजवणे म्हणजे त्या कवितेवर अन्यायच आहे. १९२५ च्या आधी, विद्युत मुद्रण येण्यापूर्वी गायक थेट कर्ण्यात तोंड घालून गात, तेव्हाच्या तबकड्यांचा वेग तर नेमका ७८ असेलच याची खात्री नसते. अशा वेळी बालगंधर्वांची जुनी तबकडी लावताना साथीच्या पेटीकडे कान द्यावा लागतो, कारण तिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर गतीची शंका घेण्यास जागा राहते; जुन्या पेट्याही सगळ्या एका मापाने जुळवलेल्या नसत, त्यामुळे शेवटचा निर्णय गळ्याची जात ओळखणाऱ्या कानाचाच. जाणता हौशी म्हणून गव्हर्नरचा स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवून पाहतो आणि एका तबकडीला बसलेली गती दुसरीला लागू पडेलच असे नसल्याने प्रत्येकीच्या पाकिटावर तिचे फेरे पेन्सिलीने नोंदवून ठेवतो.