तगर, नकलनवीस आणि संगणकातील दुसरी डिस्क

१/ आजचा #धागा धाराशिव जिल्ह्यातील तेरविषयी आणि हार्ड डिस्कविषयी. या भागातील जुन्या घरांत रुमालात बांधून ठेवलेल्या मोडी कागदांची मी छायाचित्रे काढतो. ती साठवायला संगणकात आणखी डिस्क बसवाव्या लागल्या, तेव्हा पडलेला प्रश्न तेरच्या इतिहासाशी थेट निगडित आहे.

२/ तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचपासून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस १० दिवसांवर तगर असल्याची नोंद आहे. तगरचे साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई.

३/ ‘पेरिप्लस’ची मूळ पोथी उरलेली नाही. हायडेलबर्गची दहाव्या शतकातील एक नक्कल आणि तिच्यावरून उतरवलेली लंडनची दुसरी, एवढाच आधार आहे. कुणा नकलनविसाने ते श्रम घेतले नसते, तर शिलाहारांच्या बिरुदांत तगरचे नाव राहिले असते. गाड्या आणि कापड मात्र हरवले असते. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले.

४/ आता डिस्क. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तीत ५० लाख अक्षरे मावत. माझ्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे एक असंकुचित छायाचित्र ७२ एमबीचे असते. एका मोडी कागदासाठी तशी डझनाहून अधिक यंत्रे लागली असती. आज १ टीबीच्या डिस्कवर असे १३ हजारांहून अधिक कागद बसतात. तरीही ती भरते.

५/ नवी डिस्क जोडणे अवघड नाही. मदरबोर्डवर साटा पोर्ट, कॅबिनेटमध्ये खाच आणि एसएमपीएसची वायर मोकळी आहे का, हे आधी पाहावे. प्लग काढून मगच झाकण उघडावे. डिस्कला दोन केबल लागतात : एक माहितीची, एक विजेची. पूर्वीच्या आयडीई पट्टीवर दोन डिस्क बसत आणि जंपर लावून त्यांचा मान ठरवावा लागे. साटामध्ये प्रत्येकीची केबल स्वतंत्र.

६/ कोरी डिस्क लगेच दिसत नाही. ती आधी ‘इनिशियलाइज’ करावी लागते. जुन्या एमबीआर पद्धतीत साधारण २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही, म्हणून जीपीटी निवडावी. फॉरमॅट करताना डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा ताडून पाहावा.

७/ खरा प्रश्न याच्या पुढचा. नव्या जागेत पुढचे कागद ठेवायचे, की आधीच्याच कागदांची दुसरी प्रत? मी टिपलेल्या एका दप्तराचा वाडा पुढच्या पावसाळ्यात पडला; कागद चिखलात गेले. त्या कुटुंबाच्या चार पिढ्यांचे व्यवहार आता फक्त छायाचित्रांत आहेत. त्यानंतर मी नवी डिस्क दुसऱ्या प्रतीसाठीच राखली. नवे काम त्यामुळे मंदावले.

८/ पण एका कॅबिनेटमधील दोन डिस्क म्हणजे एकाच घरातील दोन पेट्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर परिसरातील दगडमातीची घरे भूकंपात कोसळली, तेव्हा कोणत्या कोनाड्यात काय जपले होते याला अर्थ उरला नाही. विजेचा एक लोळ दोन्ही डिस्क जाळू शकतो. म्हणून तिसरी प्रत एका नातलगाकडे, दुसऱ्या गावी असते. दर सहा महिन्यांनी ती आणून, काही फायली उघडून तपासतो.

९/ आपल्या घरातील सनदा, खतावण्या, पत्रे आपण मोबाइलवर टिपली असतील, तर आज त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि दुसरी गावाबाहेर ठेवा. फायलीच्या नावात गाव, घराणे आणि टिपल्याचा दिवस लिहा. नकलनविसाचे काम आता आपल्याकडे आले आहे.