शेवटच्या ग्लासनंतर राहायचं कुठे?

वाइन फेस्टिव्हलचं तिकीट काढायला दोन मिनिटं लागतात. खरी डोकेफोड त्यानंतर सुरू होते. ग्रुपवर मेसेजेसचा पाऊस पडतो. 'पूल पाहिजे बॉस!' 'पर हेड दोन हजारांच्या वर जायचं नाही हं.' 'आई विचारतेय, कोण कोण आहे?' या गदारोळात एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. रात्री दहा वाजता, तीन ग्लास पोटात असताना, आपण त्या खोलीपर्यंत पोहोचणार कसे?

नाशिकच्या वाइन वीकेण्डसाठी जागा निवडायचा माझा फंडा एवढाच आहे. हिशेब उलटा मांडायचा. आधी रात्रीचा परतीचा रस्ता, मग खोली, आणि फोटोतला सूर्यास्त सगळ्यात शेवटी!

नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. त्यामुळे धमालही याच दिवसांत. पहिला सुलाफेस्ट झाला २००८ साली. २०२० नंतर त्यात खंड पडला आणि १ आणि २ फेब्रुवारी २०२५ ला तो पुन्हा रंगला. फेस्टिव्हल मोठा असो की एखाद्या छोट्या वायनरीतली द्राक्षं तुडवायची पार्टी, त्या शनिवारी मुंबई-पुण्याची तरुणाई एकाच वेळी नाशकात उतरते आणि खोल्यांचे भाव टुणकन उडी मारतात. म्हणून गेल्या सीझनला एका निवांत शनिवारी मी हा सगळा पट्टा मुद्दाम फिरून पाहिला. त्यातून हे चार पर्याय.

वेलींच्या शेजारी

सुलाच्या आवारातलं 'द सोर्स', गंगापूर धरणाजवळचं 'बियॉन्ड', गंगावऱ्हे परिसरातलं सोमा वाइन व्हिलेज... इथे सकाळी पडदा सरकवला की समोर वेलींच्या रांगा किंवा धरणाचं पाणी. महाग? अर्थातच. फेस्टिव्हलच्या वीकेण्डला तर विचारूच नका, आणि खोल्या फार आधी भरतात. पण द्राक्षमळ्यातच खोली मिळाली तर रात्री गाडीची किल्ली शोधावीच लागत नाही. दोघंच जाणार असाल, तर इतर खर्चाला कात्री लावून एक रात्र इथे काढा. पैसे वसूल!

धरणाकाठचा बंगला

आठ-दहा जणांच्या ग्रुपचा हा लाडका पर्याय. भाडं वाटून घेतलं की आकडा एकदम गोड दिसतो. मी पाहिलेल्या एका बंगल्याच्या जाहिरातीत 'वायनरीपासून दहा मिनिटं' असं लिहिलं होतं. गेले, तर मुख्य रस्ता सोडून शेतातून जाणारी कच्ची वाट, एकही दिवा नाही. मला सोडायला आलेले रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, दिवसा आणतो तुम्हाला. रात्री नाही येणार, परतीचं भाडं कोण देतं?"

बंगला वाईट नव्हता, झकास होता. पण तिथे राहायचं तर रात्रीची गाडी आणि ड्रायव्हर आधीच ठरलेला हवा. केअरटेकरला विचारा, तो ओळखीचा ड्रायव्हर नक्की सांगतो. त्याचे पैसे भाड्यातच धरा, मग बघा आकडा किती गोड राहतो ते.

गावातलं साधं हॉटेल

गंगापूर रोड आणि कॉलेज रोड. इथे ना पूल, ना व्ह्यू. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची गच्ची दिसते. तरीही मित्रमैत्रिणींच्या ग्रुपला मी हाच पर्याय सुचवते. रस्त्यावर दिवे, माणसांची जाग, मेडिकलचं दुकान, एटीएम सगळं जवळ. एकट्या मुलीला रिक्षातून उतरताना इथे मागे वळून बघावं लागत नाही. आणि रविवारी सकाळी डोकं जड असताना झणझणीत मिसळ हाकेच्या अंतरावर, हा बोनस!

फक्त एक सांगते. कॅबच्या अॅपवर विसंबू नका. कार्यक्रम सुटला की हजारो जण एकाच वेळी गाडी मागतात. दुपारी आणणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर घ्या, वेळ ठरवा आणि शेवटचं गाणं सोडून दहा मिनिटं आधी गेटवर या.

इगतपुरीची वाट

घोटी-इगतपुरीच्या बाजूला व्हॅलोने आहे, ग्रोवर झाम्पा आहे. शांतता हवी असेल तर ही बाजू अप्रतिम, पण फेस्टिव्हलच्या रात्रीसाठी नाही. इगतपुरी नाशिकपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर आहे. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघालात तर पहिला मुक्काम इथे करा आणि शनिवारी नाशिक गाठा.

आणि पंचवटी? रामकुंडाजवळ स्वस्त लॉज आणि धर्मशाळा भरपूर आहेत. पण तिथे माणसं तीर्थयात्रेला येतात. रात्री अकराला वाइनचा वास घेऊन तिथलं दार ठोठावणं बरं दिसत नाही. शिवाय २०२६-२७ हा सिंहस्थाचा काळ, त्या खोल्या भाविकांनाच लागणार.

'मी तर एकदम ओके आहे!'

आता थोडं सीरियस. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून प्रत्येक ग्रुपमध्ये एक वीर निघतोच, "राहायचं कशाला? रात्रीच परत येऊ ना!" त्याला सांगा, रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की तो गुन्हा. पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. दिवसभर ऊन, संध्याकाळी नाच, रिकाम्या पोटी वाइन आणि मग सरळसोट रस्ता. डुलकी लागायला एवढं पुरे. 'मी तर ओके आहे' हे वाक्य पिणाऱ्यानं स्वतःबद्दल बोलायचं नसतं, यार. मागच्या सीटवर तुमच्याच मैत्रिणी झोपलेल्या असतात.

बुकिंगआधी एक फोन

साइटवरचे स्टार्स बाजूला ठेवा आणि थेट फोन करून विचारा. मुख्य रस्त्यापासून जागा किती आत आहे? रात्री अकराला गेट कोण उघडेल? लग्न न झालेल्या जोडप्याला खोली देता का? (कायद्याची आडकाठी नाही, पण हॉटेलचे नियम असतात. रिसेप्शनवर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.) बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत? आयोजकांनाही विचारा, शटल आहे का आणि शेवटची कधी सुटते?

ट्रेननं येत असाल तर नाशिकरोड स्टेशन या द्राक्षपट्ट्यापासून वीसेक किलोमीटर लांब आहे, हे लक्षात ठेवा. आणि एक जाकीट बॅगेत टाकाच. फेब्रुवारीतली नाशिकची रात्र चांगलीच गार असते.

खोली थोडी लहान असली तरी चालेल. रविवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सगळ्या खुर्च्या भरलेल्या असल्या, की जागा बरोबर निवडली म्हणायचं. चिअर्स!