रिमिनीच्या वाळूवर पंचाविना सामना

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राला खेटून रिमिनी नावाचे शहर वसले आहे. उन्हाळ्यात येथील सुमारे १५ किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. रंगीत छत्र्या आणि आरामखुर्च्या यांच्या शिस्तबद्ध रांगा पाण्यापर्यंत पोहोचलेल्या असतात. मात्र मार्च-एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास हाच किनारा वेगळा दिसतो. छत्र्या अजून गोदामातच असतात, समुद्राचे पाणी थंडगार असते आणि रुंद, सपाट वाळू मोकळी पडलेली असते. या मोकळ्या वाळूवर १९९१ पासून एक अनोखी जत्रा भरत आली आहे. तिचे नाव पागानेल्लो. येथे जगभरातील तरुण-तरुणी अनवाणी पायांनी प्लॅस्टिकच्या तबकडीमागे धावतात.

हा खेळ म्हणजे बीच अल्टिमेट. आपल्याकडे सहलीला गेलेली मुले जी फ्रिस्बी एकमेकांकडे फेकत बसतात, तिचाच हा चुरशीचा सांघिक अवतार. ‘पागानेल्लो’ हे तिकडच्या समुद्रातील एका लहानशा माशाचेही नाव आहे. नाव लहान माशाचे असले तरी वाळूवरील अल्टिमेटच्या दुनियेत या स्पर्धेचा मान मोठा आहे. कित्येक खेळाडू वर्षभर पैसे साठवून, रजा राखून रिमिनी गाठतात.

पायच्या ताटलीपासून मैदानापर्यंत

या तबकडीची कुळकथा मजेशीर आहे. अमेरिकेतील फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या पायच्या पत्र्याच्या ताटल्या कॉलेजातील मुले हवेत भिरकावत असत. पुढे प्लॅस्टिकची तबकडी बाजारात आली आणि १९५७ मध्ये तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव मिळाले. १९६८ मध्ये न्यू जर्सी राज्यातील मेपलवूड येथील कोलंबिया हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी तिच्याभोवती नियम रचले आणि अल्टिमेट जन्माला आला.

हिरवळीवर प्रत्येक संघात सात खेळाडू असतात, तर वाळूवर पाच. वाळूवरचे मैदान ७५ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद. दोन्ही टोकांना १५-१५ मीटरच्या पट्ट्या आखलेल्या असतात. प्रतिस्पर्ध्याच्या पट्टीत आपल्या खेळाडूने तबकडी झेलली की एक गुण. ऐकायला सोपे, पण मेख अशी की तबकडी हातात असताना धावता येत नाही. एक पाय जागेवर रोवून ती ठरावीक सेकंदांच्या आत साथीदाराकडे फेकावी लागते. ती वाळूला टेकली, हद्दीबाहेर गेली किंवा दुसऱ्या संघाने मधेच झेलली की डाव उलटतो. म्हणजे एकट्या शूरवीराला येथे वाव नाही. कितीही वेगवान खेळाडू असला तरी त्याला दुसऱ्याच्या हातावर विश्वास टाकावाच लागतो.

स्त्री-पुरुषांचे मिश्र संघ हे या खेळाचे खास आकर्षण. वाळूवरच्या मिश्र सामन्यात पाचांपैकी तीन पुरुष आणि दोन स्त्रिया, किंवा तीन स्त्रिया आणि दोन पुरुष असे गणित असते. मुलगी संघात केवळ संख्या भरण्यापुरती असेल, तर तो संघ फार काळ टिकत नाही. कारण तिच्याकडे तबकडी फेकायचीच नाही असे ठरवले, तर पाचांचा संघ तिघांवर येतो!

वाळू आणि वारा

हिरवळीवर तरबेज असलेला खेळाडू पहिल्यांदा वाळूवर उतरला की पाच मिनिटांत त्याला धाप लागते. पाय रुततात, एकदम वळता येत नाही, उडी हवी तेवढी उंच जात नाही. खिळ्यांचे बूट येथे चालत नाहीत. बहुतेक जण अनवाणीच खेळतात. एप्रिलच्या सकाळी वाळू इतकी गार असते की पायांची बोटे बधिर होतात. मात्र वाळू जशी दमवते तशी सांभाळूनही घेते. निसटणाऱ्या तबकडीसाठी खेळाडू बेधडक आडवा सूर मारतो, तोंडभर वाळू घेऊन उठतो आणि हात उंचावून दाखवतो, झेल पक्का!

खरा प्रतिस्पर्धी असतो वारा. १७५ ग्रॅम वजनाची ही तबकडी स्वतःभोवती गरगर फिरते म्हणून हवेत स्थिर राहते. फिरकी कमी पडली की ती डगमगते आणि वारा तिला नेईल तिकडे जाते. वाऱ्याच्या दिशेने फेकलेली तबकडी लांब जाते, पण लवकर खाली बसते. वाऱ्याविरुद्ध फेकलेली एकदम वर उचलली जाते. म्हणून समुद्रावरून जोराचा वारा सुटला की अनुभवी संघ लांबच्या फेकी बंद करतात आणि छोट्या, सपाट फेकींनी पुढे सरकतात. अशा दिवशी वाऱ्याविरुद्ध मिळवलेला एक गुण दोन गुणांच्या मोलाचा ठरतो.

शिट्टी नाही, पंच नाही

पागानेल्लोत सामना पाहणाऱ्या नवख्या प्रेक्षकाला थोड्या वेळाने काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागते. शिट्टी ऐकू येत नाही. मैदानात पंचच नाही! अल्टिमेटमध्ये खेळाडू स्वतःच पंच असतात. धक्का लागला असे ज्याला वाटते तो ‘फाउल’ म्हणतो. खेळ थांबतो. समोरच्याने मान्य केले तर प्रश्न मिटला. नाही केले, तर तबकडी पुन्हा फेकणाऱ्याकडे जाते आणि तो क्षण नव्याने खेळला जातो.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘आउट की नॉट आउट’ यावरून बॅट घेऊन घरी निघून जाणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे स्वप्नवत वाटेल. पण येथे बॅटच्या मालकाचा शब्द अंतिम नसतो आणि आवाज चढवणाऱ्याचाही नसतो. ज्या खेळाडूला ती घटना सर्वांत जवळून, नीट दिसली असेल त्याचे म्हणणे महत्त्वाचे. एखाद्या संघाचा सूर मारलेला झेल गुण म्हणून जाहीर झाला, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि झेलणाऱ्याला मात्र ठाऊक आहे की बोटांखाली तबकडीची कड वाळूला टेकली होती. आता काय करायचे? गप्प राहिले तर कुणालाही कळणार नाही. सामना बरोबरीत आहे, साथीदार हजारो रुपये खर्चून आले आहेत. अशा वेळी ‘टेकली होती’ हे दोन शब्द उच्चारायला पायांतल्या नव्हे, मनातल्या बळाची गरज असते. या खेळाची सारी इमारत त्या दोन शब्दांवर उभी आहे.

सामना संपला की दोन्ही संघ खांद्यावर हात टाकून एकच वर्तुळ करतात. समोरच्या संघाचे काय आवडले, कुठे खटकले, हे तिथेच मोकळेपणाने बोलले जाते. मग प्रत्येक संघ दुसऱ्याला खिलाडूवृत्तीचे गुण देतो. नियमांचे ज्ञान, धक्काबुक्की टाळणे, निष्पक्षता, प्रसन्न वागणूक आणि संवाद अशी त्याची पाच अंगे असून प्रत्येकाला शून्य ते चार गुण मिळतात. या गुणांत पहिला आलेल्या संघाला स्पर्धेच्या विजेत्याइतकाच मान असतो.

अर्थात, ही व्यवस्था सर्वांनाच पटते असे नाही. पैसा आणि दूरदर्शनचे कॅमेरे आले की प्रामाणिकपणा टिकेल का, असा प्रश्न विचारला जातो. अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने तर सरळ पंच नेमले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाच्या जागतिक महासंघाला पूर्ण मान्यता दिली, तेव्हा हा वाद अधिकच रंगला. ऑलिंपिकची वाट चालताना पंच घ्यावा लागला, तर तो खेळ अल्टिमेट उरेल का? पंच आला की खेळाडूचे डोळे स्वतःच्या मनाकडून पंचाच्या हाताकडे वळतात, असे जुन्या खेळाडूंचे म्हणणे आहे. पंचाला दिसले नाही ते घडलेच नाही, ही सवय एकदा लागली की ती मैदानाबाहेरही सोबत येते. म्हणूनच रिमिनीसारख्या ठिकाणी भरणारी स्पर्धा केवळ मौजेपुरती राहत नाही. शेकडो अनोळखी माणसे, निरनिराळ्या भाषा, जिंकण्याची ईर्षा आणि तरीही पंच नाही, असे दिवस वर्षानुवर्षे निभावून नेता येतात, याचा तो पुरावाच ठरतो.

दोन हजार वर्षांचे शहर

सामन्यांमधून सवड काढून शहरात फेरफटका न मारणारा खेळाडू करंटाच म्हणावा लागेल. इ. स. पूर्व २६८ मध्ये रोमनांनी ‘अरिमिनुम’ या नावाने हे शहर वसवले. सम्राट ऑगस्टसच्या सन्मानार्थ इ. स. पूर्व २७ मध्ये उभारलेली कमान आजही शहराच्या तोंडाशी आहे. पाच कमानींचा पांढऱ्या दगडाचा टायबेरियस पूल इ. स. २१ मध्ये पूर्ण झाला. महापूर, भूकंप आणि महायुद्ध पचवून तो अजून उभा आहे.

चित्रपटप्रेमींना रिमिनी परिचित आहे ते फेडेरिको फेलिनीमुळे. त्याचा जन्म येथे २० जानेवारी १९२० रोजी झाला. ‘अमारकॉर्ड’ या त्याच्या १९७३ च्या चित्रपटाचा विषय हेच गाव. या शब्दाचा येथील बोलीतील अर्थ ‘मला आठवतं’ असा आहे. गंमत म्हणजे आठवणीतले हे गाव त्याने मुख्यतः रोमच्या स्टुडिओत उभारले होते. त्याच्या आठवणीतले भव्य ग्रँड हॉटेल मात्र १९०८ पासून किनाऱ्यालगत दिमाखात उभे आहे.

मराठी माणसाने येथे थोडे थांबायला हवे. सप्टेंबर १९४४ मध्ये रिमिनीसाठी घनघोर लढाई झाली आणि शहराचा बहुतांश भाग उद्ध्वस्त झाला. इटलीच्या या मोहिमेत हजारो भारतीय जवान लढत होते. रिमिनीहून सान मारिनोकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरखा जवानांचे स्मशानस्थळ आहे, तर जवळच्या फोर्ली शहरात भारतीय सैनिकांचे. रिमिनीच्या वायव्येला सेनियो नदी आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी तिच्या काठावर अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या शिपायाने गोळीबारातून दोन जखमी साथीदारांना पाण्यापार आणले आणि मग शत्रूच्या मशीनगन एकट्याने बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या एप्रिलमध्ये या परिसरात तरुण आले होते ते बंदुका घेऊन. आता वसंतात देशोदेशीचे तरुण येतात ते तबकडी घेऊन, आणि भांडण झालेच तर वर्तुळात उभे राहून मिटवतात.

पोळीची इटालियन बहीण

दिवसभर वाळूत धावल्यावर भूक सपाटून लागते. अशा वेळी मदतीला येतो तो पियादिना. मैद्याची, तव्यावर भाजलेली ही जाडसर पोळी पाहून मराठी खेळाडूला घरची आठवण आल्याशिवाय राहत नाही. तिच्यात मऊ चीज आणि पालेभाजी भरून दुमडून देतात. शाकाहारी मंडळींनी एक काळजी घ्यावी. कणकेत बऱ्याचदा डुकराची चरबी घातलेली असते. ‘सेन्झा स्त्रुत्तो’, म्हणजे चरबीविना, असे आधीच सांगावे. बऱ्याच दुकानांत ऑलिव्ह तेलातला पियादिना मिळतो. ईस्टरच्या दिवसांत कबुतराच्या आकाराचा ‘कोलोंबा’ केक आणि चॉकलेटची मोठाली अंडी यांची रेलचेल असते.

जाण्यापूर्वी

भारतातून जाणाऱ्याने बोलोन्यापर्यंत विमानाने जावे. तेथून रिमिनी सुमारे ११० किलोमीटरवर असून रेल्वेने साधारण तास-सव्वा तासात पोहोचता येते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तो शेवटच्या आठवड्यांवर ढकलू नये. ईस्टरची तारीख दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान बदलते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कॅलेंडर आणि स्पर्धेची जाहीर झालेली तारीख दोन्ही पाहावीत. हवा गारठ्याची असते. स्वेटर, वारा अडवणारे जाकीट आणि वाळूत घालायला जाड मोजे सोबत हवेतच.

परदेशी जाणे जमत नसेल तर निराश व्हायचे कारण नाही. चेन्नईच्या किनाऱ्यावर हा खेळ चांगलाच रुजला आहे. तेथील मुलामुलींवरचा ‘१७५ ग्रॅम्स’ हा लघुपट २०१५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. आपल्या कोकणालाही वाळूची वाण नाही. एक तबकडी, दहा जण आणि वाळूत ओढलेल्या चार रेघा एवढ्या भांडवलावर सामना रंगू शकतो. पंच शोधायला तर जायचेच नाही!

२०२० च्या ईस्टरला इटलीत टाळेबंदी होती आणि रिमिनीच्या वाळूवर एकही तबकडी उडाली नाही. छत्र्या नाहीत, खेळाडू नाहीत, नुसता वारा. त्यानंतर खेळ पुन्हा किनाऱ्यावर परतला. संध्याकाळी भरतीच्या लाटा मैदानाच्या रेघा पुसून टाकतात. सकाळी दोन्ही संघ मिळून त्या पुन्हा आखतात आणि दोघांनाही मान्य असतील अशाच आखतात.