सेकंदाला हजार रुपये

‘आयुष्यात एकदाच’ हे शब्द इतके स्वस्त झालेत की ते दिसले की माझा अंगठा आपोआप पुढे सरकतो. मालदीवमधलं पाण्यावरचं कॉटेज आयुष्यात एकदाच, बालीतला झोपाळा आयुष्यात एकदाच. अरे, मालदीव पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे, आणि पावसाळ्यात गेलं तर कमी पैशांत. एकच गोष्ट मला अशी सापडली की जिच्याबाबतीत हा दावा गणित मांडून तपासता येतो. गेले तीन महिने ऑफिसचं काम आटोपलं की मी तेच करत बसतो.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, खग्रास सूर्यग्रहण. चंद्राच्या सावलीचा पट्टा जिब्राल्टरवरून, उत्तर आफ्रिकेवरून, मक्का-जेद्दावरून सोमालियापर्यंत जाणार आहे. इजिप्तमधल्या लक्सरच्या आसपास सूर्य जास्तीत जास्त ६ मिनिटं २३ सेकंद पूर्ण झाकलेला असेल. एरवी हा प्रकार दोन-तीन मिनिटांत आटोपतो. याहून लांबलेलं खग्रास यानंतर थेट २११४ साली. आपल्याकडे त्या दिवशी आषाढातली अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. मुंबईतून दुपारनंतर खंडग्रास दिसेल, ढगांची मर्जी असेल तर.

दोन माणसांचं विमान, कैरोहून पुढचा प्रवास, ग्रहणाच्या आठवड्यात लक्सरच्या हॉटेलांनी वाढवलेले दर, विमा, वरखर्च असं सगळं शीटमध्ये घातलं तेव्हा खाली आकडा आला ३ लाख ८० हजार. ६ मिनिटं २३ सेकंद म्हणजे ३८३ सेकंद. भागाकार केला, सेकंदाला ९९२ रुपये. मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “मग पापणी लवली तर किती गेले?”

नाहूरमध्ये राहून एवढे पैसे उधळायचे का, हा प्रश्न मी स्वतःला घराच्या हिशेबातही विचारून पाहिला. आमच्या स्टेशनला फास्ट लोकल थांबत नाही, तरी आसपासच्या नव्या टॉवरमध्ये दीड कोटीच्या खाली बोलणं सुरू होत नाही. दीड कोटीच्या घरावर सहा टक्क्यांनी नुसती स्टॅम्प ड्युटीच नऊ लाख होते. म्हणजे लक्सरचे पैसे वाचवून स्टॅम्प ड्युटीही निम्मी भरून होत नाही. हा युक्तिवाद धोकादायक आहे, कबूल. अशाच युक्तिवादाने लोक दीड लाखाचे फोन घेतात. पण ‘आधी घर, मग बाकीचं’ या वाक्याने माझ्या पिढीला घर मिळालेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला सल्ला असा, की मुंबईतूनच बघ की खंडग्रास, तेही ग्रहणच. इथे थोडं भौतिकशास्त्र सांगावं लागेल. सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. तो ९९ टक्के झाकला गेला तरी उरलेला एक टक्का चार हजार पौर्णिमांइतका उजेड देतो. सूर्याभोवतीचं प्रभामंडळ मात्र जेमतेम एका पौर्णिमेच्या चंद्राइतकं उजळ. त्यामुळे सूर्याची शेवटची कड जाईपर्यंत ते दिसतच नाही, आणि ती गेली की दिवसाढवळ्या ग्रह-तारे दिसू लागतात. ९९ टक्के ग्रहण पाहणाऱ्याला ९९ टक्के अनुभव मिळत नाही. इथे लाइट व्हर्जन नाही, हप्ते नाहीत. पट्ट्यात आहात किंवा नाही.

हे मला बाबांनी शिकवलं, आणि स्वतः बाबा एकदाही पट्ट्यात नव्हते.

१६ फेब्रुवारी १९८०. पट्टा अंकोल्यावरून किनाऱ्यावर येऊन रायचूरकडे गेला. बाबा चौदा वर्षांचे, भांडुपच्या चाळीत. काकू गरोदर होती, म्हणून खिडक्यांना चादरी. लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून दूरदर्शनने त्या दुपारी ‘चुपके चुपके’ दाखवला होता. शेजारच्यांच्या टीव्हीसमोर अख्खी चाळ बसली. बाबांना त्या ग्रहणातलं काय आठवतं, तर धर्मेंद्र आणि नंतर रस्त्यावरून आलेली ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळी. खग्रास राजस्थानात, नीम का थान्याला. बाबा तेव्हा एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात होते, रजा मिळाली नाही, टीव्हीवर थेट प्रक्षेपण पाहिलं. ११ ऑगस्ट १९९९ला पट्टा गुजरातवरून आला, पण पावसाळा होता आणि घरात एक वर्षाचा मी. २२ जुलै २००९ला तर सुरत पट्ट्यात होतं, मुंबई सेंट्रलहून चार-पाच तासांवर. तेव्हा मी अकरा वर्षांचा. पाऊस कोसळत होता, सुरतलाही ढग सांगितले होते. सकाळी साडेसहाच्या आत आम्ही दोघं गच्चीवर छत्री धरून उभे राहिलो. काळोख थोडा वाढल्यासारखा वाटला. तो ग्रहणाचा होता की पावसाचा, यावर आमचं अजून एकमत नाही.

आणि हा माणूस काही हौशी-बिवशी नव्हे. खगोल मंडळाच्या वांगणीच्या आकाशदर्शनांना तो वर्षानुवर्षं कर्जत लोकलने जात आलाय. मला ध्रुवतारा त्यानेच दाखवला. (बाबांना लिहिताना ‘तो’ म्हणतो, समोर ‘तुम्ही’. समजून घ्या.)

आमचं गाव देवगडकडचं, त्यामुळे मे महिन्यात विजयदुर्ग ठरलेला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने इथून हेलियमचा शोध लावला. तिथे त्या तारखेला हेलियम दिनही साजरा होतो. गोष्ट छान आहे, पण १८६८मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्या ग्रहणाच्या वेळी जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर विजयदुर्गला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या खग्रासला, आणि युद्धनौकेवरच्या खलाशांना तालीम देऊन त्याने मदतीला घेतलं.

मला ते १८९८ जास्त आवडतं. त्या वर्षी सावली महाराष्ट्रावरून तिरकी गेली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आला, एका धनिकाच्या देणगीवर, बायकोला घेऊन. त्याच जेऊरला पुण्याहून नायगमवाला आले, जपानची तुकडी आली. विदर्भात पुलगाव आणि तळणीला इंग्रजांचे तळ पडले. तळणीला ॲनी माँडर होती. प्रभामंडळातून निघालेला एक लांबच लांब झोत तिने आपल्या छोट्या कॅमेऱ्यात पकडला. मुंबई-पुण्यात प्लेग चालू असताना ही माणसं अर्धं जग ओलांडून आली, तीही दोन मिनिटांसाठी. जेऊरच्या गुराख्याला मात्र तेच सगळं बांधावर उभ्याउभ्या फुकट मिळालं. एका ठिकाणी खग्रास सरासरी सुमारे ३७५ वर्षांनी येतं, त्यामुळे नाहूर स्टेशनच्या पुलावर थांबून राहणं हा काही प्लॅन होऊ शकत नाही. कुणाला तरी सावलीकडे जावंच लागतं.

आता खरी अडचण. माझ्यापुरतं बोलायचं तर लक्सर ‘आयुष्यात एकदाच’ नाहीच. २० मार्च २०३४ला खग्रासाचा पट्टा आपल्याच देशात, जम्मू-काश्मीर-लडाखच्या बाजूला येतोय. मी तेव्हा ३६ वर्षांचा असेन. श्रीनगरचं तिकीट, चार दिवस रजा, झालं. लक्सरपेक्षा मिनिटं कमी मिळतील, पण सेकंदाचा भाव कितीतरी खाली येईल. कुठल्याही शहाण्या माणसाने पैसे साठवावेत आणि आठ वर्षं थांबावं. माझ्या शीटचंही हेच उत्तर येत होतं, कारण शीटमध्ये वय फक्त माझं घातलं होतं.

बाबा २०३४ साली ६८ वर्षांचे असतील. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवलाय. मार्च महिना, तिथली थंडी, उंची, बंद होणारे घाट. ‘एकदाच’ हा शब्द तिकिटावर छापलेला नसतो, तो कुणाच्या जन्मतारखेवर आहे ते बघावं लागतं. हे समजल्यावर मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं.” जो माणूस पंचेचाळीस वर्षं ग्रहणाच्या तारखा तोंडपाठ ठेवतो, तो हे बोलतो तेव्हा त्याचा अर्थ ‘तुझे पैसे आहेत’ एवढाच असतो.

आणि आई? बाबांच्या हुकलेल्या ग्रहणांची यादी घरात सगळ्यांना माहीत आहे. आईचं काय हुकलंय, हे कुणी मोजलेलंच नव्हतं. बाबांची चार ग्रहणं हुकली त्यातल्या तिन्ही वेळी हीच घर, शिफ्ट आणि मी सांभाळत होती. मी विचारलं, “तुला चल म्हटलं तर येशील?” तिने त्या उन्हाला नको म्हटलं. लक्सरला ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. मग दोन दिवसांनी भाजी निवडताना म्हणाली, “मला बर्फ पडताना बघायचाय. पडलेला नाही, पडताना.” इतकी नेमकी रिक्वायरमेंट मला आजवर एकाही क्लायंटने दिलेली नाही. शीटमध्ये दुसरा टॅब उघडला. बर्फ कधी पडेल याचं सेकंदाबरहुकूम वेळापत्रक नसतं, म्हणून तिथे आठवडाभर राहायला लागेल, तिघांना. एकूण आकडा पाच लाखांच्या जवळ गेला. आमच्या गळणाऱ्या बाथरूमचा खर्च त्यात नाही.

मध्यंतरी बाबांना तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, जायला हरकत नाही, पण पाणी भरपूर आणि दुपारी सावलीत बसायचं. बाबा लगेच म्हणाले, “सावलीत बसायलाच चाललोय.” डॉक्टरांना ते कळलं नाही. मला मात्र कळलं की टीव्हीचा विषय संपला.

नाईलच्या पूर्व काठावर एक खोली धरलीय, २०२७च्या जूनपर्यंत रद्द करता येते. आईचा बर्फ त्याच्या आधी, येत्या जानेवारीत, कारण तिला पुन्हा ‘नंतर’च्या रांगेत उभं करायचं नाही, असं आम्हा दोघांचं ठरलंय. ऑगस्ट २०२७ची विमानाची तिकिटं अजून विक्रीला आलेली नाहीत. बाबा रोज सकाळी चहाबरोबर आली का ते विचारतात.