न्हाणीचं पाणी

२०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. त्या दिवसांत आमच्या गल्लीत बाजेवर बसून आंघोळी व्हायच्या. बाजेखाली घमेलं, त्यात साठलेलं पाणी फरशीला, संडासाला नाहीतर झाडाला. पुढं पाऊस पडला, नळाला पाणी आलं, तरी ती सवय अंगात राहिली. न्हाणीचं पाणी आम्ही पाइप टाकून मागच्या परसात वळवलं. तिथं केळ, अळू, कढीपत्ता लावला आणि कडेनं चुका-अंबाडीचे वाफे केले.

केळीचं बरं चाललं. वाफ्यांची माती मात्र बिघडत गेली. वर पांढरट पापुद्रा यायचा, पाणी घातलं की लादा व्हायचा आणि वाळलं की कुदळ लागायची. गावाकडच्या कृषी सहायकांना ढेकूळ दाखवलं, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. आमच्या बोअरचं पाणी आधीच क्षाराचं, त्यात साबणातलं आणि कपड्यांच्या पावडरीतलं सोडियम. ते काळ्या मातीचे कण सुटे करतं, मातीतली पोकळी बुजते आणि जमीन चोपण होते. अंगाला काय लावायचं याचा विचार मी चेहऱ्यासाठी कधी केला नव्हता. तो अंबाडीसाठी करावा लागला.

साबणाला पर्याय माहेरच्या हळदीत सापडला. माझं माहेर नांदेड जिल्ह्यात, अर्धापूरकडं. केळी आणि हळदीचा मुलूख. मृगाच्या सुमारास लावलेली हळद संक्रांतीनंतर निघते. मग शिजवणं, खळ्यावर वाळवणं आणि पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवणं. आई घरची हळद ड्रमात घालू देत नाही. ती हळकुंडं तशीच खरखरीत, मातकट दिसतात. बाजारात मात्र चकाकीला भाव. त्या चकाकीपायी हळदीत मेटॅनिल यलो, कधी शिशाचं क्रोमेट मिसळतात. शिसं लहान लेकरांच्या मेंदूला घातक असतं. म्हणून वर्षाची हळद मी माहेराहूनच आणते आणि घरी कांडते.

त्याच हळदीचा चिकसा होतो. हरभऱ्याच्या डाळीचं जाडसर पीठ, हळद, आंबेहळद, गव्हला-कचोरा, वाळलेली संत्र्याची साल. आमच्याकडं लग्नात नवरीला लावतात तोच. आम्ही तो रोजच्या साबणाच्या जागी आणला. केसांना शिकेकाई, रिठे, वाळका आवळा लोखंडी कढईत रात्रभर भिजवून सकाळी उकळून गाळायचे. पहिल्यांदा केस राठ वाटतात, डोळ्यांत गेलं की झोंबतं आणि फेस बेताचाच येतो. पण जड पाण्यात शाम्पूचा तरी कुठं येतो? कपडे धुतलेलं पाणी परसात सोडणं बंद केलं. हळदीनं रंग उजळतो असं कुणी पोरींना सांगितलं की मला राग येतो. चिकसा अंग स्वच्छ करतो, तेवढं पुरे. राखुंडीलाही मी परत हात लावला नाही. तिनं दातांवरचं कवच झिजतं, ते पुन्हा येत नाही. जुनं म्हणून सगळंच चांगलं नसतं.

वाफ्यात शेणखत, पालापाचोळा पडत गेला, पावसानं माती धुतली आणि अंबाडी पुन्हा उठली. पण परसातून भाजी मिळते, भाकरी मिळत नाही. त्यासाठी शेताकडं जावं लागलं.

सासरचं शेत निलंगा तालुक्यात. मी सून म्हणून आले तेव्हा तिथं खरिपात ज्वारी, मूग, उडीद, तीळ असायचं. बघता बघता सगळीकडं सोयाबीन झालं. पैसा त्यातूनच आला, लेकरांची शिक्षणं त्यावर झाली. सोयाबीनला मी नावं ठेवणार नाही. पण शेतकऱ्याचं घर किराणा दुकानातून पीठ आणि पिशवीतलं तेल आणायला लागलं, हे मला खुपत होतं. याच भागात १९९३च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. प्रेमा गोपालन तिच्या प्रमुख होत्या. संस्थेसोबतच्या बायांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात रासायनिक खत-औषध न घालता घराच्या ताटाला लागेल ते पेरलं. दुष्काळात त्यांच्या चुली चालल्या. २०१६ला संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिकही मिळालं. त्यांतल्या काही बायांची रानं मी पाहून आले आणि घरी अर्धा एकर मागितला.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, “सोयाबीन सोडून ज्वारी लावायलीस व्हय? अन् पाखरं कोण राखंल?”

त्यांचं खरं होतं. सगळ्या शिवारात ज्वारी असली की पाखरं वाटली जातात. एकट्या आमच्या तुकड्यात कणसं दिसली की साऱ्या गावची पाखरं तिथंच. हुरड्यापासून काढणीपर्यंत माळ्यावर गोफण घेऊन बसावं लागतं. शेवटी राखणीला आत्याबाईच बसल्या, कारण गोफण नीट त्यांनाच येते. मालदांडी ज्वारीच्या कडेनं करडीचे तास घातले. जुनी माणसं तसंच करायची, काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. कोवळी असताना करडीची भाजी होते, पुढं तिचं तेल. साडेतीन-चार किलो करडीला किलोभर तेल पडतं. ती घेऊन मी लाकडी घाण्यावर जाते आणि समोर उभी राहून गाळून आणते. पेंड जनावरांना. खरिपात तूर, मूग, तीळ, भेंडी, गवार. वेळ अमावास्येच्या भज्जीला लागणारे तुरीचे दाणे, सोलाणे, वालाच्या शेंगा आधी आम्ही बाजारातून विकत नेऊन शेतात पूजा करायचो. आता ते तिथंच तोडतो. आत्याबाई त्या दिवशी शेजारच्या शेतात पूजेला उभारलेल्या कोपीतल्या बायांना हाका मारून बोलावतात आणि भज्जी वाढतात.

उरलेलं विकत आणायचंच असतं. मीठ, गूळ, गहू, मसाला. मी गंजगोलाईत जाते. १९१७ साली वसलेला हा गोल बाजार, सोळा रस्ते त्याला येऊन मिळतात. यादी घेऊन जाते, कापडी पिशव्या आणि डबे घेऊन जाते. ‘ऑर्गॅनिक’ लिहिलेल्या चकचकीत पाकिटापेक्षा, माल कुठल्या गावचा, कधीचा, हे सांगणारा दुकानदार मला जास्त भरवशाचा वाटतो. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोळीची चिंच, कास्तीची कोथिंबीर यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यातली बोरसुरी आणि पानचिंचोळी ही गावं लातूर जिल्ह्यातली. तेव्हापासून गावाचं नाव विचारलं तर बाजारात कुणी नवल करत नाही. नाव सांगून दुसराच माल खपवणारेही आलेत, म्हणून डाळ मी थेट निलंगा भागातल्या ओळखीच्या बायांकडून घेते. त्यांना दोन रुपये जास्त गेले तर ते मला महाग वाटत नाहीत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सोयाबीनचा भाव वर गेला की घरात त्या अर्ध्या एकराचा विषय निघतो. “यंदा तेवढं पण सोयाबीनच टाकू.” दरवेळी मी ज्वारीचा, तेलाचा, कडब्याचा हिशेब मांडते आणि दरवेळी ते मान्यही होतं. पण ती कबुली वर्षापुरती असते. ज्या बायांची रानं मी पाहिली, त्यांतल्या कितीजणींचं असंच आहे: पेरायचं काय ते त्या ठरवतात, सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं. सहहिस्सेदार म्हणून माझं नाव लावायला आमच्या घरी आता होकार मिळालाय. तलाठ्याकडं अर्ज दिलाय, आणि त्याच सज्जातल्या आणखी दोघींना कागद काय काय लागतात ते सांगून आले.